नाव बरोबर निघालं, नंबर कुणाचा निघाला?

ताई,
माझं वय सत्तावीस. व्हायरल व्हिडिओतली माणसं शोधून काढणारा आमचा एक ग्रुप आहे, अकरा हजार सदस्यांचा. मी त्याची ॲडमिन. दोन महिन्यांपूर्वी लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आला. एक माणूस पार्सल घेऊन आलेल्या मुलाला दोन कानाखाली देतो आणि पार्सल लाथेनं उडवतो. तो कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी एका रात्रीत शोधलं. शर्टावरचा कंपनीचा लोगो, लिफ्टच्या आरशात उलटी दिसणारी नोटीस, कंपनीच्या कार्यक्रमाचे फोटो, असं करत करत. नाव, कंपनी, इमारत आणि जुना सोफा विकण्याच्या एका जाहिरातीत सापडलेला फोन नंबर, सगळं टाकलं. माणूस तोच होता, त्यानं नंतर कबूलही केलं. चार दिवसांत त्याची नोकरी गेली. मला लोकांनी डोक्यावर घेतलं.
गेल्या आठवड्यात एका मुलीचा मेसेज आला. 'बाबांनी केलं ते वाईटच होतं. पण तो नंबर आता मी वापरते. मी सोळा वर्षांची आहे. लोक रात्री मला काय काय पाठवतात ते दाखवू का तुम्हाला?' मी अजून उत्तर दिलेलं नाही. पोस्ट काढली, पण ती सगळीकडे पसरलीय. माझं नेमकं काय चुकलं? मी खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आणि नुसती तक्रार करून काही झालं असतं का? आता ग्रुपमध्ये नवं प्रकरण आलंय, एका बाईचं. तिचं नाव माझ्याकडे तयार आहे, सगळे वाट बघतायत. काय करू?
– कृपया नाव छापू नका

तुझं नाव छापत नाही. तू सांगितलं नसतंस तरी छापलं नसतं.

आधी त्या मुलीचं. तिच्या मेसेजला आठवडा झाला. हे पुढचं वाचायच्या आधी तिला लिही, आणि ग्रुपच्या खात्यावरून नको, स्वतःच्या खात्यावरून लिही. नंबर मी टाकला, तो कुणाच्या हातात आहे हे तपासलं नाही, माफी मागते. एवढंच. 'पण तुझ्या बाबांनी' अशी सुरुवात होणारं एकही वाक्य नको. ते तिला कळतं, तिनं पहिल्याच ओळीत लिहिलंय. 'दाखवू का' असं ती विचारते, त्यावर 'दाखव' म्हणू नकोस. ती घाण पुन्हा उघडून तुला पाठवण्याचं काम तिच्यावर कशाला? तिला सांग, काही पुसू नको, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेव, आणि घरातल्या किंवा शाळेतल्या ज्या मोठ्या माणसाशी बोलता येतं त्याला आजच सांग. तक्रार करायची ठरली तर नंबर कुठून बाहेर पडला हे सांगायला मी येईन, असंही लिही. हे वाक्य लिहिताना तुझी बोटं अडखळतील. पण नेमकं याच वाक्याचा तिला उपयोग आहे.

तिनं उत्तर दिलं नाही तर पुन्हा लिहू नकोस. तिला नको असलेले मेसेज आधीच पुष्कळ येतात.

मग त्या पसरलेल्या पोस्टचं. माणूस शोधायला तुला एक रात्र लागली. आता त्या पोस्टच्या प्रती शोधायला लागतील तितक्या रात्री घाल. प्रत्येक ठिकाणी 'खासगी माहिती' या कारणाखाली रिपोर्ट करता येतं. नंबर अल्पवयीन मुलीच्या वापरात आहे हे त्यात स्वच्छ लिही. गूगलकडे २०२२ पासून घरचा पत्ता किंवा फोन नंबर दाखवणारे निकाल काढून टाकण्याची विनंती करता येते. मूळ पान त्यानं पुसलं जात नाही, पण शोधल्याबरोबर समोर येणं थांबतं. ही विनंती ज्याची माहिती आहे त्यानं किंवा त्याच्या वतीनं अधिकृतपणे कुणी करायची असते, म्हणून त्या मुलीला तेही कळव. सगळं पुसलं जाईल अशी आशा मात्र मी तुला दाखवणार नाही. आणि एकदा वकिलाला भेट. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून, कुणाला घाबरवण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी त्याची खासगी माहिती पसरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कायदे देशोदेशी वेगळे असले तरी 'मी खरंच लिहिलं होतं' एवढ्यानं सगळीकडे सुटका होते असं धरून चालू नकोस.

आता तुझा प्रश्न. नेमकं काय चुकलं?

असं पत्र आलं की सल्ला देणारी माणसं चुकीच्या माणसाला पकडल्याचे किस्से सांगतात. किस्से खूप आहेत. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा रेडिट या चर्चेच्या साइटवर हजारो लोक फोटोंवर लाल वर्तुळं काढत बसले आणि महिनाभर बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी संशयित ठरवलं. त्याच्या घरच्यांवर शिव्यांचा पाऊस पडला. तो मुलगा स्फोटांच्या आधीच मरण पावला होता, मृतदेह काही दिवसांनी नदीत सापडला. रेडिटनं जाहीर माफी मागितली. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलच्या वंशवादी मोर्चातल्या एका माणसाच्या अंगात 'आर्कान्सा इंजिनिअरिंग' लिहिलेला टीशर्ट होता. तेवढ्यावरून आर्कान्सा विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकाला लोकांनी धरलं, त्याच्या घराचा पत्ता फिरवला, त्याला काढून टाका म्हणून विद्यापीठाच्या मागे लागले. तो त्या दिवशी हजारभर मैल लांब होता.

यातलं एक प्रकरण तुझ्यासारखीनं नीट पाहावं असं आहे. १ जून २०२०, अमेरिकेतलं मेरीलँड. एका सायकलस्वारानं भित्तिपत्रकं लावणाऱ्या तीन तरुणांवर हल्ला केला. पोलिसांनी व्हिडिओ टाकून लोकांची मदत मागितली आणि तारीख एका दिवसानं चुकवली. नंतर दुरुस्ती केली. पण तोवर कुणीतरी व्यायामाच्या ॲपवर, चुकीच्या दिवशी त्या रस्त्यावरून सायकल चालवलेला एक माणूस शोधून काढला होता. हेल्मेट, गॉगल, चेहरेपट्टी, सगळं जुळल्यासारखं वाटलं. त्याचा पत्ता बाहेर आला, धमक्या सुरू झाल्या, त्याच्या घरावर पोलिसांना लक्ष ठेवावं लागलं. खरा हल्लेखोर चार दिवसांनी पकडला गेला. आरोपाची पोस्ट जिथवर गेली तिथवर दुरुस्तीची पोस्ट पोचलीच नाही. शोधणाऱ्यांची पद्धत तुझ्यासारखीच काटेकोर होती. पायाच एक दिवस सरकलेला होता.

हे मला माझ्या अनुभवानं कळतं. उमेदीच्या काळात मी एका छोट्या साप्ताहिकात होते. एका अपहाराच्या बातमीत मी आरोपीचं नाव आणि गल्ली छापली. दोन्ही अचूक होती. त्याच गल्लीत त्याच नावाचा आणखी एक माणूस राहतो हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. बातमी पहिल्या पानावर होती. खुलासा पुढच्या आठवड्यात तिसऱ्या पानावर, चार ओळी.

पण तू म्हणशील, ताई, माझा माणूस तर बरोबर होता. बरोबर आहे. म्हणूनच तुझं पत्र या सगळ्या किश्शांपेक्षा अवघड आहे. चुकीचा माणूस पकडला असतास तर 'नीट तपासून टाक' एवढा सल्ला देऊन मी मोकळी झाले असते. तू नीट तपासलंस, माणूस तोच निघाला, आणि तरीही एक मुलगी रात्री फोन उलटा ठेवून झोपायचा प्रयत्न करते. म्हणजे गोची तपासण्याच्या पुढे कुठेतरी आहे.

दोन कानाखाली दिल्या आणि एक पार्सल लाथाडलं, याची शिक्षा किती असावी? मला विचारशील तर त्यानं त्या मुलाची समोर उभं राहून माफी मागावी, नुकसान भरून द्यावं, मारहाणीचा गुन्हा नोंदवला जावा, दंड व्हावा. तुझं मत याहून कडक असेल. असू दे, आपण वाद घालू शकतो, कारण आपण दोघी एका मापाबद्दल बोलतोय. तुझ्या पोस्टनंतर जे झालं त्याला मापच नव्हतं. अकरा हजारांतल्या प्रत्येकाला वाटलं, मी एकच तर मेसेज पाठवतोय. एक शिवी, एक फोन, कंपनीला एक ईमेल. आपापल्या जागी प्रत्येकाचा हिशेब छोटाच होता. बेरीज करायला कुणी बसलेलं नव्हतं, आणि 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकारही कुणाकडे नव्हता. तुझ्याकडेसुद्धा नव्हता. पोस्ट काढलीस तेव्हा तुला ते कळलं. तुरुंगातला माणूससुद्धा कधी सुटणार ते सांगू शकतो.

आणि तू एकाच पोस्टमध्ये किती वेगवेगळ्या गोष्टी टाकल्यास ते बघ. त्यानं काय केलं, हे व्हिडिओत होतंच. तो कोण, हे पोलिसांना आणि इमारतीच्या लोकांना कळणं गरजेचं होतं, असं आपण मानू. पण फोन नंबर? त्या नंबरात कसलाही पुरावा नाही. त्यानं मारलं की नाही, का मारलं, पूर्वी असं केलंय का, यातलं काहीही नंबरावरून कळत नाही. नंबराचा उपयोग एकच, तो लावायचा. इमारतीच्या नावाचाही एकच, तिथे जायचं. तू म्हणतेस मी माहिती दिली. नंबर टाकताना तू ज्यांना ओळखत नाहीस अशा हजारो लोकांना एका दाराची किल्ली दिलीस, आणि ते आत जाऊन काय करतील हे त्यांच्यावर सोडलंस. त्यातले काही नुसतेच संतापलेले असतात. काहींना संतापाचं निमित्त हवं असतं, आणि सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज ऐकून ते फोन ठेवत नाहीत.

किल्ली जुनी असू शकते हा आणखी वेगळा भाग. डिसेंबर २०१७ मध्ये दोन ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांचं दीड डॉलरच्या पैजेवरून भांडण झालं. एकानं दुसऱ्याला आव्हान देत पत्ता दिला, तोही त्याचं कुटुंब पूर्वी राहायचं त्या घराचा. तिसऱ्यानं पोलिसांना फोन केला की या घरात खून झालाय आणि माणसं ओलीस धरलीयत. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात पोलिसांनी घराला वेढा घातला. काय गडबड आहे हे बघायला दारात आलेला अठ्ठावीस वर्षांचा माणूस गोळी लागून मेला. त्याचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. खोटा फोन करणाऱ्याला पुढे वीस वर्षांची शिक्षा झाली. पत्ते आणि नंबर असेच असतात. माणसं पुढे निघून जातात, पत्ता तिथेच राहतो, नंबर घरातल्या घरात दुसऱ्याच्या हातात जातो. तुला तो सोफ्याच्या जाहिरातीत सापडला. सोफा विकून किती वर्षं झाली होती?

सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं तुझ्या ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणेलच. म्हणीतली आग कुणी लावली ते म्हण सांगत नाही. इथे आपल्याला माहीत आहे.

तुझ्या पत्रात आणखी एक माणूस आहे, ज्याच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंयस. पार्सल घेऊन आलेला मुलगा. तो मार खातो आणि पत्रातून निघून जातो. व्हिडिओत त्याचाही चेहरा दिसतो ना? मार खाणारा चेहरा म्हणून तोही तेवढ्याच फोनांमध्ये पोचला असेल. त्याच्या घरी कुणी पाहिला असेल का? त्याला हे सगळं हवं होतं का? त्याला तक्रार करायची असेल आणि साक्षीदार नसेल. कदाचित नुसता पगारातून कापलेला पार्सलचा पैसा परत हवा असेल, किंवा हा विषय मिटायला हवा असेल. मला माहीत नाही, आणि तुलाही नाही, कारण कुणी विचारलंच नाही. ज्याच्यासाठी न्याय चालला होता तो सोडून सगळे त्या ग्रुपमध्ये होते. तुझ्या हातात जी कला आहे ती त्या रात्री त्याला शोधायला वापरली असतीस, 'माझ्याकडे या माणसाचं नाव आहे, तुला तक्रारीसाठी हवं आहे का' असं विचारलं असतंस, तर मी आज तुला वेगळं पत्र लिहिलं असतं.

नुसत्या तक्रारीनं काही झालं असतं का, असं तू विचारतेस. झालंच असतं अशी खात्री मी कशी देऊ? कित्येक तक्रारी टेबलावर धूळ खात पडतात, आणि ज्यांच्या पडतात त्यांनी गप्प बसावं असं मी कधीच म्हणणार नाही. जिच्यावर अन्याय झाला तिनं, सगळी दारं ठोठावून झाल्यावर, स्वतःच्या नावानं उभं राहून 'यानं माझ्याशी असं केलं' म्हणणं मला मान्य आहे. तिच्याकडे स्वतःचा अनुभव असतो, आणि उलटतपासणी झाली तर तिलाच तोंड द्यावं लागतं. सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या माणसानं त्या खुर्चीवरून काय केलं हे उघड करणंही मला मान्य आहे. बेलिंगकॅट नावाचा शोधपत्रकारांचा गट २०१४ पासून तुझ्यासारखंच काम करतो, फोटोंतल्या खिडक्या आणि सावल्या मोजतो. पण ते बहुतेक वेळा बलाढ्य यंत्रणांच्या मागे असतात, आणि आपण कसं शोधलं हे मांडून ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला तपासता येतं. तुझ्या प्रकरणात अन्याय दुसऱ्यावर झाला, आरोपी सामान्य माणूस, आणि शोधणारी तू स्वतः ॲडमिन नावाच्या पडद्यामागे. तिन्ही गोष्टी उलट्या. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. 'कृपया नाव छापू नका' असं तू का लिहिलंस, ते मला पुरतं समजतं. त्या भीतीत लाजण्यासारखं काही नाही. दोन महिन्यांपूर्वी ती एका पोस्टपुरती तुझ्या लक्षात राहिली असती तर बरं झालं असतं.

शोधायची तुझी खाज जाणार नाही, आणि जावी असंही मला वाटत नाही. आरशात उलटी दिसणारी नोटीस वाचणारी नजर सगळ्यांना नसते. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था २०१७ पासून एक मोहीम चालवते. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या फोटोंतून फक्त मागच्या वस्तू कापून ते लोकांसमोर ठेवतात. एखादी पिशवी, पडद्याचं कापड, बाटलीवरचं लेबल. ही वस्तू कुठली, एवढंच विचारतात. ज्याला ओळखता येईल तो थेट त्यांना कळवतो. चेहरा नाही, नाव नाही, जाहीर कौतुक नाही. काही मुलांचा ठावठिकाणा अशा धाग्यांवरून लागलाय. तुला तिथे करमेल की नाही, हे कौतुकाची सवय किती लागली आहे त्यावर ठरेल. त्याचं उत्तर मला पाठवू नकोस, स्वतःला दे.

राहिलं नवं प्रकरण. दक्षिण कोरियात २०२० मध्ये 'डिजिटल प्रिझन' नावाची एक साइट निघाली. न्यायालयं गुन्हेगारांना फार सौम्य शिक्षा देतात, तर आम्हीच त्यांची नावं, फोटो, नंबर टांगतो, असं तिचं म्हणणं. सुरुवातीला पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यात एका प्राध्यापकाचं नाव आलं, सोबत एक किळसवाणं चॅट. पोलिसांनी त्याचा फोन तपासला तेव्हा ते चॅट त्याचं नव्हतंच असं निघालं. दुसरा एक विद्यार्थी, ज्याचं नाव टांगलं होतं, आपण हे केलं नाही असं सांगत राहिला आणि त्याच सप्टेंबरमध्ये मरण पावला. साइट चालवणाऱ्याला व्हिएतनाममधून पकडून आणलं. तुमच्या ग्रुपचं एवढं नाव झाल्यावर तुमच्याकडेही असे स्क्रीनशॉट येऊ लागतील. ज्याला कुणाचा काटा काढायचा आहे त्याला अकरा हजार हात आयते मिळतात, तो का सोडेल?

त्या बाईबद्दल तुझ्या पत्रात काय आहे ते मी दोनदा वाचलं. तिचं नाव तुझ्याकडे तयार आहे, आणि सगळे वाट बघतायत. तिनं काय केलं हे तू लिहिलंच नाहीस. विसरलीस, की तुझ्या दृष्टीनं तो आता मुख्य भाग राहिला नाही, कोण जाणे. ग्रुपवर आज लिही की हे प्रकरण मी करत नाही, आणि मागच्या वेळी टाकलेला नंबर एका लहान मुलीच्या वापरात होता, तो ज्यांच्या फोनमध्ये असेल त्यांनी पुसावा. तिचं वय, शाळा, काहीही सांगू नकोस. काही जण तुला घाबरट म्हणतील, काही ग्रुप सोडतील, आणि एखादा नक्की म्हणेल की मग मीच टाकतो त्या बाईचं नाव. त्याला देऊ नकोस. व्हिडिओ पाहून ती बाई खरंच कुणाला इजा करते आहे असं वाटत असेल तर जिथे तक्रार नोंदवली जाते तिथे ते नाव स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं दे. मग फाइल पुसून टाक.

पण हे सगळं दुपारनंतर. आधी मुलीला लिही.